कॉलेजला निघालेल्या मुलामुलींचे कपडे

बारावीचा निकाल लागून प्रवेश निश्चित झाला म्हणजे घरांत जी धांदल उडते, तींत फी, वसतिगृह आणि खाणावळ यांचा विचार वडील मंडळी कागद-पेन्सिल घेऊन करतात. कपड्यांचा विचार मात्र बहुधा एका संध्याकाळीं, बाजारांत उभ्या उभ्याच उरकला जातो. सारें कुटुंब दुकानांत शिरतें, काकू रंग सुचवितात, आत्या कापड चुरगळून पाहतात, आजोबा किंमत ऐकून खुर्चीवर बसतात, आणि ज्याच्यासाठीं हें सारें चाललेलें असतें तो मुलगा अथवा ती मुलगी कोपऱ्यांत मोबाइल पाहत उभी असते. दोन तासांनीं पांच-सहा पिशव्या घेऊन मंडळी परततात. त्या पिशव्यांतील निम्मे कपडे दिवाळीच्या सुट्टींत घडी न मोडतां घरीं परत येतात, हा अनुभव ज्या घरांतून दोन-चार मुलें बाहेरगांवीं शिकावयास गेलीं आहेत त्या घरांस नवा नाहीं.

हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. पण दहावीपर्यंत, आणि पुष्कळ ठिकाणीं बारावीपर्यंतही, शाळेचा गणवेश हा प्रश्न मुलांच्या वतीनें सोडवीत असतो. डॉक्टरांचा मुलगा आणि कारकुनाचा मुलगा सारख्याच विजारींत एका बांकावर बसतात. कॉलेजच्या पहिल्या दिवशीं हा पडदा दूर होतो. सतरा-अठराव्या वर्षीं, जेव्हां दुसऱ्याची नजर स्वतःच्या मतापेक्षांही मोठी वाटते, त्याच वयांत मुलाला रोज सकाळीं ठरवावें लागतें कीं आज काय घालावें. ज्याच्यापाशीं धड असे दोनच सदरे आहेत तो पावसाच्या दिवसांत तास बुडवितो आणि घरीं फोनवर ‘बरें वाटत नव्हतें’ असें सांगतो. ज्याच्यापाशीं वीस आहेत त्याचा वेळ दुसऱ्या तऱ्हेनें जातो. या दोहोंची किंमत फीच्या पावतीवर दिसत नाहीं, एवढेंच.

येथें वडील मंडळींचें एक आवडतें वाक्य आडवें येतें: “आमच्या वेळीं दोन लेंगे आणि दोन सदरे, त्यांवर आम्ही बी. ए. झालों.” तें खरें असतें. परंतु ते दोन सदरे रोज धुऊन, वाळवून, घडी घालून कोणी तरी देत होतें. ती व्यक्ती आई असो, वहिनी असो कीं परीट असो, हिशेबांत ती कधीं धरली जात नाहीं. वसतिगृहांत ती व्यक्ती नसते.

परगांवच्या हवेची आणि रीतीची कल्पना घरीं बसून करावी आणि तीप्रमाणें पेटी भरावी, ही चूक थोरांच्याही हातून झालेली आहे. गांधीजी १८८८ सालीं बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस निघाले, तेव्हां मित्रांनीं त्यांना मुंबईस कपडे करून दिले होते. त्यांतला पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख त्यांनीं बंदरावर उतरतांना घालण्यासाठीं राखून ठेवला. सप्टेंबर संपत आला होता. पांढऱ्या कपड्यांत उतरणारे ते एकटेच. सामानाच्या किल्ल्या एजंटाच्या स्वाधीन केलेल्या, दुसऱ्या दिवशीं रविवार, त्यामुळें कपडे बदलण्याचीही सोय नव्हती. पुढें मुंबईचे कपडे तेथील समाजांत शोभत नाहींत असें वाटून त्यांनीं नवे घेतले, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली आणि बॉन्ड स्ट्रीटवर संध्याकाळच्या एका पोशाखासाठीं दहा पौंड घालविले. आत्मचरित्रांत त्यांनीं हें सारें मोकळेपणानें लिहिलें आहे. आज दिल्लीस अथवा जर्मनीस जाणाऱ्या मुलासाठीं जून महिन्यांतच जाड लोंकरी कोट घेऊन ठेवणाऱ्या घरांनीं तो भाग अवश्य वाचावा. थंडीच्या प्रदेशांत थंडीचे कपडे चांगले मिळतात, आणि तेथें कशावर काय घालतात हें पाहिल्यावरच ते घेणें बरें.

यासाठीं माझी पहिली सूचना अशी, कीं कपड्यांसाठीं जी रक्कम ठरविली असेल तिची निम्मीच निघण्यापूर्वीं खर्च करावी. राहिलेली निम्मी दीड-दोन महिन्यांनीं मुलाच्या हातांत द्यावी. तोंवर त्याला कळलेलें असतें कीं वर्कशॉपांत काय चालतें, कोणत्या दिवशीं प्रॅक्टिकल असतें, वसतिगृह वर्गापासून किती दूर आहे. ही रक्कम त्यानें आपल्या मतानें खर्चावी, आणि घरच्यांनीं ‘हें काय आणलेंस’ असें विचारूं नये. हें शेवटचें सर्वांत कठीण आहे.

आतां निघतांना किती कपडे असावेत? याचें उत्तर कपडे वाळण्यास किती वेळ लागतो यावर अवलंबून आहे. आपल्याकडे कॉलेजें सुरू होतात तीं नेमकीं पावसाळ्यांत. पुण्याचा पाऊस कोंकणच्या मानानें कांहींच नव्हे. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पुणें शहरांत त्याच्या चौथाईच्या आसपास. पण पुण्याची झिमझिम दिवसचे दिवस सूर्य दिसूं देत नाहीं, आणि वसतिगृहाच्या खोलींत तिघांमिळून एक दोरी असते. अशा हवेंत पातळ पॉपलिनचा सदरा पंख्याखालीं एका रात्रींत वाळतो. जाड जीन्सची विजार दोन दिवस, कधीं तीनही घेते. आणि वरून कोरडी दिसली तरी कमरेच्या दुहेरी पट्टींत व खिशांच्या अस्तरांत ओल राहतेच.

म्हणून हिशेब असा करावा: आठवड्यांतून दोनदां धुणें धरलें तर चार दिवसांचे चार, दोन दिवस वाळत असलेले दोन, आणि अचानक भिजून आल्यास एक, असे सात सदरे किंवा कुडते पुरतात. विजार दोन दिवस वापरतां येते, तेव्हां चार पुरेत. त्यांत जीन्स दोहोंपेक्षां अधिक नकोत. आंतले कपडे रोज बदलावयाचे आणि त्यांची रबरी पट्टी उशिरा वाळते, यास्तव तेथें मात्र हात आखडूं नये. आठ-दहा जोड द्यावे. जाड टर्किश टॉवेल दिसावयास चांगला, पण पावसाळ्यांत त्याला दोन दिवसांत वास येतो. आपला जुना पातळ पंचा तासाभरांत सुकतो. पंचा नेण्यास मुलें लाजतात खरीं. पण एकदां खोलींतल्या सोबत्यांचे टॉवेल कुबट झाले, कीं तोच पंचा उसना मागितला जातो.

ओल्या कपड्यांचा प्रश्न केवळ वासाचा नाहीं. घट्ट, जाड आणि किंचित् ओलसर विजार दिवसभर अंगावर राहिली, कीं जांघेंत व कमरेस गजकर्ण होतें, आणि एकमेकांचे टॉवेल वापरल्यानें तें खोलीभर पसरतें. मुलें संकोचानें घरीं सांगत नाहींत. औषधांच्या दुकानांतून स्टेरॉइड मिसळलेलें मलम आणतात. त्यानें खाज दोन दिवस थांबते, पण बुरशी अंगांत अधिकच मुरते व पुढें साध्या औषधास दाद देत नाहीं. ही गोष्ट निघण्यापूर्वीं वडिलांनीं अगर काकांनीं मुलास, आईनें मुलीस, स्पष्ट शब्दांत सांगावी. सैल आणि सुती विजार हा या बाबतींत औषधापेक्षां स्वस्त उपाय आहे.

कापड पारखण्याची विद्या पूर्वीं घरांतल्या प्रत्येक बाईपाशीं असे; आतां ती लोप पावत चालली आहे. चिठ्ठीवर ‘सुती’ लिहिलेलें असलें तरी शिवणीचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टरचा वितळून त्याचा टणक मणी बनतो. रंग पक्का आहे कीं नाहीं हें पाहण्यास ओला पांढरा रुमाल कापडाच्या आंतल्या बाजूवर घासावा. खादी किंवा हातमागाचें कापड शिंप्याकडे देण्यापूर्वीं रात्रभर पाण्यांत भिजवून वाळवावें, नाहीं तर पहिल्या धुण्यांतच बाह्या वर जातात. आणि शिंप्यास शिवणींत माया ठेवावयास सांगावें. अठराव्या वर्षीं कित्येक मुलांचे खांदे अजून भरावयाचे असतात. तयार कपड्यांत माया जवळजवळ नसतेच. सूत व पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचें कापड लवकर वाळतें आणि इस्त्रीची फारशी अपेक्षा करीत नाहीं, म्हणून सात सदऱ्यांपैकीं दोन-तीन तसले असण्यास माझी हरकत नाहीं.

मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेच्या दिवशीं तें घालूं नये. बर्नरच्या ज्योतीस लागल्यास असलें कापड वितळून कातडीस चिकटतें. अॅप्रन जाड सुती, पूर्ण बाह्यांचा व गुडघ्यापर्यंत हवा. आम्ल सांडलें तर तो एका क्षणांत काढून टाकतां येतो, हाच त्याचा खरा उपयोग. दुकानांत पातळ चकचकीत कापडाचे अॅप्रन स्वस्त मिळतात. ते घेऊं नयेत.

मुलींच्या कपड्यांचा विचार करावयास बसलें, कीं एकत्र कुटुंबांत एकदम समिती भरते. मुलाच्या विजारीवर कोणी मत देत नाहीं. मुलीच्या कुडत्याच्या लांबीवर थोरल्या जाऊबाईंपासून शेजारच्या आजींपर्यंत सर्वांचें मत असतें. या चर्चेंत जें विचारावयास हवें तें सहसा कोणी विचारीत नाहीं: या कपड्यांत तिला धांवून बस पकडतां येईल काय? सायकल किंवा स्कूटर चालवितां येईल काय? किल्ली, पैसे आणि मोबाइल ठेवण्यास खिसा आहे काय? मुलींच्या तयार कपड्यांना खिसा नसतो, किंवा असला तर त्यांत रुमालही मावत नाहीं. शिंप्याकडून कुडत्याच्या बाजूच्या शिवणींत खोल खिसा करून घेणें हें थोडक्या खर्चांत मिळणारें मोठें सुख आहे. मोकळी लांब ओढणी दुचाकीच्या चाकांत अडकून भयंकर अपघात झालेले आहेत. ती बांधून घेण्याची संवय नसेल तर रोजच्या वापरांतून ती वगळणेंच इष्ट. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं फिलाडेल्फियास वैद्यक शिकावयास गेल्या आणि १८८६ सालीं पदवीधर झाल्या. १८८५ सालच्या छायाचित्रांत जपान आणि सीरिया येथील विद्यार्थिनींच्या शेजारीं त्या साडी नेसून बसलेल्या आहेत, आणि त्या दोघीही आपापल्या देशांच्या वेषांत आहेत. आज त्याच वयाची मुलगी जीन्स मागते म्हणून घराण्याचें कांहीं जात नाहीं, आणि साडी मागते म्हणून ती मागासलेली ठरत नाहीं. तिला काम कशांत सुचतें हें तिलाच ठाऊक.

धुण्याविषयीं दोन शब्द. आपल्या घरांतले पुष्कळ मुलगे अठरा वर्षांचे होईपर्यंत स्वतःचा मोजाही धूत नाहींत. निघण्यापूर्वीं महिनाभर त्यांच्याकडून त्यांचें धुणें करून घ्यावें; आजींनीं मध्यें पडूं नये. नवा रंगीत कपडा पहिल्या दोन खेपा वेगळा धुवावा एवढें जरी कळलें तरी खोलींतल्या सर्वांचे बनियन गुलाबी होणें टळतें. खाणावळींतल्या आमटीचा हळदीचा डाग साबण लावतांच लाल होतो. मुलगा घाबरून आणखी साबण चोळतो. वास्तविक साबणाच्या क्षारानें हळदीचा रंग पालटतो इतकेंच; धुऊन उन्हांत टाकल्यास तो डाग पुष्कळसा उडतो.

बाकीच्या वस्तूंबद्दल फारसें सांगण्यासारखें नाहीं. दुचाकीवर जाणाऱ्यास छत्रीचा उपयोग नाहीं, सदरा-विजारीचा दोन तुकड्यांचा रेनकोट हवा. पावसाळी चप्पल एक, बूट एक जोड. कातडी बूट सप्टेंबरअखेर घ्यावे, आधीं घेतल्यास त्यांना बुरशी येते. पुण्यास डिसेंबर-जानेवारींत रात्रीचें तापमान १० अंशांच्याही खालीं जातें, तेव्हां एक स्वेटर लागतो. तो दिवाळींत न्यावा. पांघरण्यास सोलापुरी चादर. सणासमारंभास झब्बा-लेंगा किंवा एक साडी पुरे. कोट-पँटीची घाई मुळींच करूं नये. मुलाखतींचे दिवस बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षीं येतात आणि तोंपर्यंत मापें बदलतात.

वसतिगृहाच्या दोरीवरून कपडे जातात, तें दर वेळीं चोरीनें नव्हे; सारखेच पांढरे बनियन एकमेकांत मिसळतात. पूर्वीं परीट बिब्ब्याच्या रसानें कापडावर न जाणारी खूण करीत. बिब्ब्यानें अंगावर फोड येतात, म्हणून तो प्रयोग घरीं कोणी करूं नये. कॉलरच्या आंत आणि कमरेच्या पट्टींत लाल दोऱ्यानें दोन अक्षरें काढावीं. हें काम मुलास किंवा मुलीसच करावयास बसवावें. त्या निमित्तानें सुई धरतां येते, आणि उरलेला दोरा, चार सुया, पांच-सहा गुंड्या व लहान कातर एका डबींत घालून ती डबी बॅगेच्या वरच्या कप्प्यांत ठेवावी.