नव्या मुनिमाची शिकवणी
पेढीवरचा नवा मुनीम जुन्याच्या शेजारी बसून शिकत असे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या एआय एजंटला असा शेजार नाही. प्रत्येक साधनाचे नाव, त्यास लागणारी माहिती व चार ओळींचे वर्णन, एवढेच त्याच्या हाती असते. ‘बिल रद्द करते’ इतकेच लिहिले, तर थोडा माल परत येताच तो मूळ बिलच रद्द करू शकेल. तेथे हवी क्रेडिट नोट. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये तिची तरतूद आहे. म्हणून साधन केव्हा वापरू नये, हेही लिहावे लागते. रक्कम रुपयांत की पैशांत, हेसुद्धा. जुना मुनीम या प्रश्नावर हसला असता. कंपन्यांच्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये मात्र १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे बंधनकारक आहे. चूक सुधारता येते, पुसता येत नाही.