बाहुली शिकवते जीव वाचवायला

हृदय बंद पडल्यास छाती दाबून मेंदूला रक्त पुरवत राहता येते. प्रौढ माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायची, हे वाक्य पाठ होते. पण ती खोली हातांना कशी कळावी? सरावानेच. नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० साली 'रेसुसी ॲन' ही माणसाएवढी बाहुली आणली.

आता डॉक्टर-परिचारिका तिच्याभोवती एकत्र सराव करतात. एक जण छाती दाबतो, दुसरा श्वास देतो, तिसरा वेळ पाहतो. प्रमुखाची सूचना ऐकणारा ती मोठ्याने पुन्हा उच्चारतो. दाबणारा दर २ मिनिटांनी बदलतो, कारण थकलेले हात उथळ दाबतात. शेवटी सगळे बसून शोधतात : वेळ कुठे वाया गेला?

इथे चुकल्याने कुणी दगावत नाही. आपल्या वर्गात चुकून शिकायला अशी मोकळीक असते का?