नक्षी शाबूत म्हणजे टायर शाबूत?

मे महिन्यात भोपाळची मराठी कुटुंबं गाडी काढून नागपूरकडे आणि तिथून समृद्धी महामार्गाने मुंबईकडे निघतात. त्याआधी टायर बदलायला दुकानात गेलं की सल्ल्यांना तोटा नसतो. त्यातल्या काही समजुती मात्र प्रवासात महागात पडतात.

गैरसमज : नक्षी खोल आहे, म्हणजे टायर चालेल.

वस्तुस्थिती : मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर असावी, असा नियम आहे. पण रबर न चालताही म्हातारं होतं. मोटारीमागे जोडायची ट्रेलर-कॅरव्हॅन वर्षातले बरेच महिने उन्हात उभी असते; तिची नक्षी नवीकोरी आणि बाजूला बारीक भेगा, असं सहज होतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. दुकानात पडून राहिलेल्या टायरचंही वय तिथेच कळतं.

गैरसमज : माप जुळलं की झालं.

वस्तुस्थिती : 195/65 आर 15 या मापापुढे 91 एच लिहिलेलं असेल, तर 91 म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त 615 किलो भार आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर ही वेगमर्यादा. एकाच आसाच्या ट्रेलरचा जवळजवळ सगळा भार दोनच टायरवर येतो. त्यात 100 लिटरची पाण्याची टाकी भरली की एक क्विंटल वाढला. म्हणून रिकाम्या नव्हे, भरलेल्या गाडीचं वजन धरून टायर निवडावा.

गैरसमज : उन्हाळ्यात हवा थोडी कमीच बरी.

वस्तुस्थिती : नेमकं उलट. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि शेवटी फाटते. मोटारीच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो, म्हणून हवा सकाळी, निघण्याआधी तपासावी. नायट्रोजन भरला तरी ही तपासणी सुटत नाही. साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच.

गैरसमज : सिमेंटचा रस्ताच टायर फोडतो.

वस्तुस्थिती : समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि टायर फुटण्याच्या बातम्यांनी दोष काँक्रीटला दिला. पुढच्याच वर्षी परिवहन विभागाने तिथे टायर तपासायला घेतले आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायरला निवायला उसंत मिळत नाही. झीज, कमी हवा आणि जादा भार अशा वेळी उघडे पडतात.

चारही टायर नवे बसले, की स्टेपनीवरचे अंक मात्र वाचायचे राहतात. सगळ्यात जुना टायर बहुधा डिकीतच निघतो.