टर्मिनलवरून डेव्ह कंटेनर उघडताना आत काय घडते

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर बदलून पाहायचे, तर पायथन, नोड, मारियाडीबी आणि रेडिस यांच्या एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्या लागतात. एकाच्या उबुंटूवर जमलेले दुसऱ्याच्या विंडोजवर जमत नाही आणि प्रोजेक्टचा पहिला आठवडा इन्स्टॉलेशनमध्येच जातो. म्हणून ‘फ्रॅपे डॉकर’ या रिपॉझिटरीत डेव्ह कंटेनरची तयार मांडणी दिलेली आहे.

डेव्ह कंटेनर म्हणजे कोड लिहिण्याच्या सोयीसाठी बांधलेला डॉकर कंटेनर. तो कसा उभारायचा हे ‘डेव्हकंटेनर डॉट जेसन’ या फाइलमध्ये लिहिलेले असते. व्हीएस कोडमध्ये असा प्रोजेक्ट उघडला की एडिटरची खिडकी आपल्या मशीनवरच राहते; टर्मिनल, डीबगर आणि बरीचशी एक्स्टेन्शन्स मात्र कंटेनरमधल्या एका छोट्या सर्व्हरमार्फत चालतात.

अडचण सुरुवातीलाच येते. टर्मिनलवर ‘कोड’ ही कमांड देऊन फोल्डर उघडला तर तो आधी साध्या खिडकीत उघडतो. मग कोपऱ्यात सूचना येते, ती दाबली की खिडकी पुन्हा लोड होते. हा फेरा टाळण्यासाठी व्हीएससीएलआय नावाचे रस्ट भाषेत लिहिलेले छोटे मुक्त टूल आहे. ‘व्हीएससीएलआय ओपन’ आणि पुढे फोल्डरचे नाव एवढे लिहिले की प्रोजेक्ट थेट कंटेनरमध्ये उघडतो. ‘रिसेंट’ ही उपकमांड आधी उघडलेल्या प्रोजेक्टांची यादी देते.

कंटेनर हे टूल स्वतः उभारत नाही. ते फक्त एक पत्ता तयार करते आणि ‘कोड’ कमांडच्या हाती देते. पुढचे सगळे काम एडिटरचे डेव्ह कंटेनर एक्स्टेन्शन आणि डॉकर करतात.

या पत्त्याचे दोन भाग असतात. पहिल्यात आपल्या मशीनवरचा फोल्डरचा मार्ग असतो, पण जसाच्या तसा नाही. पत्त्यात तिरकी रेघ हे भाग वेगळे करण्याचे चिन्ह असल्यामुळे मार्गातल्या रेघांनी घोटाळा झाला असता. म्हणून मार्गाचा प्रत्येक बाइट षोडशमान पद्धतीच्या दोन अंकांत लिहितात. तिरकी रेघ ‘२एफ’ होते. फोल्डरचे नाव देवनागरीत असले तरी बिघडत नाही, फक्त पत्ता लांबतो. ‘काशी’ या शब्दात क, काना, श आणि दीर्घ वेलांटी असे चार युनिकोड घटक आहेत; यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १२ बाइट आणि पत्त्यात २४ अंक. कागदावर एकदा करून पाहा, एन्कोडिंगच्या धड्याचा चांगला सराव होतो.

दुसरा भाग म्हणजे कंटेनरच्या आतला मार्ग. काही सांगितले नसेल तर तो ‘वर्कस्पेसेस’ आणि त्याखाली फोल्डरचे नाव असा असतो. फ्रॅपेच्या फाइलमध्ये मात्र तो ‘वर्कस्पेस’खालचा ‘डेव्हलपमेंट’ असा वेगळा दिला आहे. म्हणजे टूलला अंदाजाने पत्ता जोडून चालत नाही, आधी जेसन फाइल वाचावीच लागते.

फाइल सापडलीच नाही तर? टूल प्रोजेक्ट साध्या खिडकीत उघडून मोकळे होते. फ्रॅपे डॉकरमध्ये नेमके हेच घडू शकते, कारण तिथला फोल्डर ‘डेव्हकंटेनर-एक्झाम्पल’ या नावाचा आहे. आधी त्याची प्रत ‘डेव्हकंटेनर’ या नावाने, पुढे टिंब लावून, करावी लागते. मगच टूलला तो दिसतो. विद्यार्थी अशा वेळी डॉकर पुन्हा इन्स्टॉल करत बसतात, पण दोष नावात असतो. खिडकीच्या डाव्या तळाशी ‘डेव्ह कंटेनर’ असे लिहिलेले दिसत नसेल तर आपण अजून बाहेरच आहोत.

एडिटरशिवायच कंटेनर हवा असेल, उदाहरणार्थ आपोआप चाचण्या चालवायला, तर ‘डेव्हकंटेनर’ ही वेगळी अधिकृत कमांड आहे. तिची ‘अप’ ही उपकमांड कंटेनर उभारते आणि ‘एक्झेक’ आत एखादी कमांड चालवते.

आत केलेले काय टिकते हा परीक्षेच्या आदल्या रात्री कळण्याचा विषय नव्हे. सोर्स कोड आपल्या डिस्कवरून जोडलेला असतो, तो सुरक्षित. फ्रॅपेच्या मांडणीत मारियाडीबीचा डेटा वेगळ्या डॉकर व्हॉल्यूममध्ये असतो, तोही राहतो. पण आतल्या टर्मिनलवर ‘एपीटी’ने हाताने टाकलेले पॅकेज कंटेनर रीबिल्ड केल्यावर नाहीसे होते. ते कायम हवे असेल तर डॉकरफाइलमध्ये किंवा ‘पोस्टक्रिएटकमांड’मध्ये लिहा.

कंटेनर म्हणजे बंद पेटी, त्यामुळे अनोळखी रिपॉझिटरी बिनधास्त उघडावी, असा समज बराच पसरलेला आहे. जेसन फाइलमधील ‘इनिशियलाइजकमांड’ कंटेनरमध्ये चालत नाही. ती आपल्या स्वतःच्या मशीनवर, आपल्याच परवानग्यांनिशी चालते. शिवाय ‘माउंट्स’मधून आपला होम फोल्डरही आत जोडता येतो. कोणाचा प्रोजेक्ट क्लोन केल्यावर एडिटर विश्वासाबद्दल विचारतो तेव्हा सवयीने ‘हो’ म्हणण्याआधी निदान या दोन नोंदी वाचा. फाइल बहुधा लहानच असते, दोन मिनिटे लागतात.