तुळशीची बहीण, पण सोवळ्यातली नव्हे

'इटालियन तुळस' अशी पाटी लावलेलं, गुबगुबीत हिरव्या पानांचं एक रोप हल्ली पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांत सर्रास दिसतं. पिझ्झा-पास्त्याच्या हौसेनं ते घरी येतं, गॅलरीत तुळशीच्या शेजारी बसतं आणि दीड-दोन महिन्यांत त्याची नुसती काडी उरते. मग घरात निकाल लागतो: परदेशी झाड, आपली हवा मानवली नाही.

खरं तर या झाडाला परकी वाटावी ती इटलीची हवा. बेसिल हे आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांतलं झाड. थंडी पडली की युरोपातल्या बागेत ते मरतं. लिनियसनं १७५३ मध्ये त्याला 'ऑसिमम बॅसिलिकम' हे शास्त्रीय नाव दिलं. त्यातल्या 'बॅसिलिकम'चं मूळ ग्रीक, अर्थ 'राजेशाही'. या राजेशाही झाडाचं बी मराठी घरांत कित्येक पिढ्या फालुद्यात आणि उन्हाळी सरबतात पडतं आहे, कारण सब्जा आणि बेसिल ही एकच जात. अरबीत याला रैहान म्हणतात, आणि कबरीवर सब्जा लावण्याची रीत मुस्लिम समाजात जुनी आहे. म्हणजे झाड ओळखीचंच होतं, फक्त पाटी नवी लागली.

मग वाण्याकडचा सब्जा पेरून पेस्टो करावा का? बी ताजं असेल तर आठवड्याभरात उगवतं, त्यात अडचण नाही. अडचण वासाची आहे. एकाच जातीच्या बेसिलमध्ये वास ठरवणारी रसायनं वेगवेगळ्या प्रमाणात असतात. लिनालूल जास्त असेल तर गोडसर, फुलासारखा दरवळ येतो. मिथाइल चॅविकॉल जास्त असेल तर बडीशेपेची आठवण होते. लखनौच्या 'सीमॅप' या संस्थेनं विकसित केलेला 'सिम-सौम्य' हा वाण तेलासाठी आहे, पानं ताटात वाढण्यासाठी नव्हे. पेस्टोसाठी जिनोव्हा शहराच्या नावाचा 'जिनोव्हीज' वाण लागतो. जिनोव्हाजवळच्या प्रा भागातलं बेसिल त्यासाठी नावाजलेलं आहे, आणि २००५ पासून तिथल्या बेसिलला युरोपीय संघाचं भौगोलिक नामसंरक्षणही आहे. (जाता जाता: सब्जा म्हणजे चिया नव्हे. चिया मेक्सिको-ग्वाटेमालाकडची, कूळ तेच पण झाड निराळं.)

तुळस मात्र वेगळी जात, 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम'. तिच्या वासात लवंगेतलं युजेनॉल पुढे असतं. पास्त्यात तुळस घातली तर काढ्याची आठवण येते ती त्यामुळेच. थाई लोकांना हे चालतं. त्यांच्या प्रसिद्ध 'पाड क्राफाव' या पदार्थात मांसाबरोबर मूठभर परतलेली पानं असतात, ती बेसिलची नसून चक्क तुळशीची असतात.

गॅलरीतल्या काडीचं खरं कारण या बहिणींच्या नात्यात सापडतं. तुळशीला सांभाळण्याची जी रीत अंगवळणी पडली आहे, तीच बेसिलला लावली जाते. तुळशीची पानं गरजेपुरतीच, तीही हात जोडून तोडायची. द्वादशीला नाही, तिन्हीसांजेनंतर तर नाहीच. बेसिलला असली भीड नको असते, कात्री हवी असते. संकोचानं लोक काय करतात, तर वरचा कोवळा शेंडा 'वाढू दे' म्हणून सोडतात आणि खालची मोठी पानं एकेक करून खुडतात. झाडाचं अन्न तयार करणारी पानं गेली, शेंडा उंच पळाला, आणि खाली उघडा दांडा राहिला.

बेसिलचा दांडा चौकोनी असतो आणि पानं समोरासमोर जोडीनं येतात. प्रत्येक जोडीच्या बगलेत दोन डोळे दबा धरून असतात. शेंडा असेपर्यंत ते झोपलेले राहतात. रोप वीतभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, की खालच्या दोन जोड्या ठेवून त्यांच्या जरा वर दांडा कापायचा. एका दांड्याचे दोन होतात, पुढच्या कापणीत दोनाचे चार. एका वेळी झाडाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग मात्र काढू नये. कापलेले शेंडे पाण्याच्या पेल्यात ठेवले तर साधारण दोन आठवड्यांत मुळं धरतात, म्हणजे दुसरं रोप फुकट.

फुलं आली की पानं विषारी होतात, अशीही एक समजूत आहे. ती साफ खोटी. बेसिलची फुलंही खाता येतात. फक्त फुलोरा आला की झाडाचं लक्ष बियांकडे वळतं, नवी पानं कमी आणि लहान येतात, दांडा लाकडासारखा होतो. उपाय आजीला विचारावा. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती डेरेदार राहते, हे तिला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. तरीही तुळशीसारखी वर्षानुवर्षं टिकण्याची अपेक्षा बेसिलकडून करू नये. ते मुळात हंगामी झाड आहे.

दुसरी सवय रोज सकाळी तांब्याभर पाणी घालण्याची. कुंडीला निचरा नसेल तर बेसिलची मुळं त्या भक्तीनं कुजतात. मातीत बोट पेरभर खुपसून वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावं. दिवसाला पाच-सहा तास ऊन पाहिजे. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र थोडी सावली. कोकणात आणि मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात होते. पानं वरून पिवळट आणि खालून करड्या-जांभळट बुरशीची दिसली तर ते खताच्या कमतरतेचं लक्षण समजून खत ओतत बसू नये. तो बेसिलचा डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे केवडा रोग. तो ओलसर, कोंदट हवेत पसरतो. रोपं विरळ ठेवणं, पानांवर पाणी न उडवणं आणि रोगट रोप लगेच काढून टाकणं, घरच्या बागेत एवढंच हातात असतं. नत्राचं खत जास्त झालं तर पानं मोठी होतात खरी, पण वास पातळ होतो.

आणि डासांचं काय? बेसिलच्या तेलात डासांना न मानवणारे घटक आहेत, पण ते पानात बंद असतात. खिडकीत नुसती कुंडी ठेवून मच्छरदाणी गुंडाळून ठेवणारा फसतो.

कापणीनंतरची चूक फ्रिजमध्ये होते. कोथिंबिरीसारखी डब्यात घालून ठेवलेली बेसिलची जुडी एका रात्रीत काळी पडते. उष्ण देशाचं हे झाड. साधारण १० अंशांखाली त्याच्या पेशींना इजा होते. ओट्यावर पेलाभर पाण्यात देठ बुडवून ठेवली तर ती अनेक दिवस टवटवीत राहते. वाळवण्यात वास बराच उडतो. त्यापेक्षा तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेलं बेसिल बरं. पण ताजी पानं आणि लसूण तेलात बुडवून बाटली शेल्फवर शोभेला ठेवण्याचा प्रकार धोक्याचा आहे: हवाबंद तेलात बोटुलिझमचे जिवाणू वाढू शकतात.

हंगामाच्या शेवटी एक-दोन मंजिऱ्या वाळू द्याव्यात. तळहातावर चोळल्या की काळं बी हाती येतं. पाण्यात टाकलं की काही मिनिटांत फुगून त्याभोवती पारदर्शक कवच चढतं, म्हणजे ओळख पटली, सब्जाच. पुढच्या वर्षी ते पेरायचं असेल तर एकच लक्षात ठेवावं: शेजारच्या कुंडीत थाई बेसिल फुललेलं असेल तर मधमाश्यांनी मध्ये सोयरीक जुळवलेली असू शकते, आणि जिनोव्हीज म्हणून उगवलेल्या रोपाला बडीशेपेचा वास येऊ शकतो.