न ओरबाडता सुटणारा पापुद्रा

पहिलं घावन हमखास तव्याला चिकटतं. उलथन्यानं खरवडायला जावं, तर त्याच्या चिंध्या होतात. मैत्रिणींनो, प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवणाऱ्या शास्त्रज्ञांनाही अनेक वर्षं नेमकी हीच अडचण होती.

पेशी बशीच्या तळाला धरून वाढतात आणि एकमेकींना चिकटून त्यांचा पातळ पापुद्रा होतो. तो उचलायचा कसा? त्यासाठी ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य घालत. पेशी सुटायच्या खऱ्या, पण एकमेकींपासूनही! पापुद्रा जाऊन हाती यायच्या नुसत्या सुट्या पेशी.

यावर तोड निघाली टोकियोच्या महिला वैद्यकीय विद्यापीठात. डॉ. यायोई योशिओका या स्त्रीनं १९०० साली मुलींना डॉक्टर करण्यासाठी काढलेली ही संस्था. तिथे तेरुओ ओकानो आणि सहकाऱ्यांनी बशीच्या तळाला एका खास जेलीचा अगदी पातळ थर दिला. ३७ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेला, ही जेली आक्रसलेली असते. पेशी तिला धरून वाढतात. ३२ अंशांच्या खाली गार केली, की भिजवलेल्या सब्जासारखी पाणी पिऊन फुगते. मग सगळा पापुद्रा आपसूक, अखंड सुटतो. खालचा नैसर्गिक चिकटाही शाबूत राहतो.

याचा उपयोग काय? बुबुळाच्या कडेच्या पेशी नष्ट झाल्या, की त्यावरचा पारदर्शक पडदा गढूळ होतो आणि नजर जाते. काही आजारांत असं होतं. पानाचा चुना डोळ्यात उडाल्यानंही होतं. २००४ साली जपानमध्ये दोन्ही डोळे असे बिघडलेल्या चार रुग्णांच्या तोंडातल्या अस्तराचा जेमतेम तीन मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्याचा पापुद्रा वाढवला. तो टाके न घालता डोळ्यावर बसला आणि चौघांचीही नजर सुधारली. २०२१ मध्ये जपाननं तोंडाच्या पेशींपासून केलेल्या अशा पापुद्र्याला उपचार म्हणून मान्यताही दिली.

आता पुढचं पाऊल हाडांचं. आपलं हाड म्हणजे मऊ तंतूंच्या जाळीत बसलेले कॅल्शियम फॉस्फेटचे कण. नुसत्या मऊ, पाणीदार जेलीवर पेशींना पाय रोवणं अवघड जातं. म्हणून शास्त्रज्ञ या गार-गरम ओळखणाऱ्या जेलीत तसेच खनिजाचे कण भरून पाहताहेत. पेशींना धरायला आधार मिळावा, आणि गार केल्यावर त्या अलगद सुटाव्यात, हा हेतू.

हाडांचं हे काम अजून प्रयोगशाळेतच आहे. तेव्हा ठिसूळ हाडांवर ‘पेशींची जादू’ विकणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि चुन्याची डबी, पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका. डोळ्यात गेलाच, तर न चोळता ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवत राहा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. नजर परत मिळवण्यापेक्षा ती राखणं केव्हाही सोपं.