विश्लेषण : कॅम्पर व्हॅनच्या छतातला झरोका का गळतो? सिलिकॉन फासून भागते का?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच्या आधीपासून हौशी मंडळी व्हॅनमध्ये पलंग, ओटा, फ्रिज बसवून भटकत आहेतच. उजेड आणि हवा यावी म्हणून छताचा पत्रा कापून त्यात स्कायलाइट, म्हणजे उघडता येणारा झरोका बसवला जातो. कोकणातल्या पहिल्याच दमदार पावसात गादीवर थेंब पडू लागतात. मग सिलिकॉनची नळी आणून झरोक्याच्या कडेने फासली जाते. दोन-तीन सरी कोरड्या जातात आणि पुन्हा तेच.

पाणी नेमके कुठून येते?

थेंब जिथे पडतो, तिथेच भोक असते असे नाही. छताच्या आत आडव्या पट्ट्या असतात. पाणी त्यांच्यावरून सरकत जाते आणि भलत्याच ठिकाणी टपकते. झरोक्याखाली ओल दिसली, तरी पाणी वरच्या कॅरियरच्या बोल्टमधून किंवा सौर पॅनेलच्या वायरीच्या भोकातून शिरलेले असू शकते. थंड रात्री सगळी दारे-खिडक्या लावून झोपल्यास श्वासाची वाफही झरोक्यावर जमून ठिबकते. ती गळती नव्हेच.

यावर उपाय साधा आहे. कोरड्या दिवशी एकाने आत टॉर्च घेऊन बसावे, दुसऱ्याने छतावर पाइपने हळू पाणी सोडावे. सुरुवात उताराच्या खालच्या बाजूने करून एकेक जागा पाच-दहा मिनिटे भिजवत वर जावे. एकदम सगळीकडे पाणी मारले तर काहीच कळत नाही.

सिलिकॉन का टिकत नाही?

गळतीची जागा बहुतेक वेळा चौकट आणि पत्रा यांच्या मधल्या थरात असते. उन्हात प्लॅस्टिकची चौकट लोखंडी पत्र्याच्या पाच-सहा पट प्रसरण पावते. ४०० मिलिमीटरच्या झरोक्यात तापमान ४० अंशांनी बदलले, तर दोघांच्या लांबीत सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडतो. रोजच्या या ओढाताणीत, शिवाय रस्त्याच्या हादऱ्यांत, मधला थर सुटतो. वरून धुळीवर आणि जुन्या सीलंटवर फासलेले सिलिकॉन नीट चिकटत नाही. उलट आत गेलेले पाणी ते कोंडून ठेवते. पत्र्याची कापलेली कड गंजते, आतला प्लाय फुगतो. आणखी एक त्रास म्हणजे सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर रंग किंवा दुसरे सीलंट धरत नाही.

मग दुरुस्ती कशी?

झरोका काढून पुन्हा बसवणे, हाच खरा मार्ग. सलग दोन-तीन कोरडे दिवस हाताशी हवेत. आतल्या चौकटीचे स्क्रू काढल्यावर वरचा भाग सहज सुटला नाही, तर पटाशीने उचकटू नये, पत्रा वाकतो. मासेमारीचा नायलॉन दोरा मागे-पुढे ओढून सीलंट कापावे. जुना थर पूर्ण खरवडावा. गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा लागेपर्यंत काढावा, प्रायमर आणि रंग द्यावा, तो वाळू द्यावा. घाई होते ती इथेच.

व्हॅनच्या छताला पन्हळी असतात. त्या भरून पृष्ठभाग सपाट केला नाही, तर चौकटीखाली पाण्याला आयताच बोगदा मिळतो. त्यानंतर चौकटीच्या खालून बुटाइल टेप लावावा. तो वाळून कडक होत नाही, म्हणून प्रसरण सोसतो. कोपऱ्यात फट ठेवू नये. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत; फार आवळल्यास टेप पिळून बाहेर येतो आणि चौकट तडकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हलके आवळून कडेने सीलंटची रेघ द्यावी. काही झरोक्यांना टेपऐवजी पॉलियुरेथेन सीलंट सांगितलेले असते. माहितीपत्रकात असेल ते वापरावे. हे सीलंट हवेतल्या दमटपणाने घट्ट होते, दिवसाला साधारण तीन मिलिमीटर. त्यामुळे लगेच प्रवासाला निघू नये.

काय करू नये?

अनेक झरोके बंद असतानाही हवा खेळावी म्हणून मुद्दाम फट ठेवतात. तिरप्या पावसात तिथून तुषार येतात, पण ती बुजवू नये. आत गॅसची शेगडी वापरली जात असेल तर हवा कोंडून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो आणि ते जिवावर बेतू शकते.

वरचा पारदर्शक घुमट बहुधा ॲक्रिलिकचा असतो. त्यावर थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट लावले तर बारीक तडे जातात. तो साबणाच्या पाण्यानेच पुसावा. तडे गेलेच असतील, तर अनेक बनावटींत फक्त घुमट बदलून मिळतो. चौकटीला हात लावावा लागत नाही.